परेडच्या आदल्या दिवशी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनडीएत, दर सहा महिन्यांनी पासिंग आउट परेड होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रं झळकतात. खेत्रपाल मैदानावरच्या सरळ रांगा, डोक्यावरून झेपावणारी विमानं, ‘अंतिम पग’ ओलांडणारे तरुण आणि डोळे पुसणारे आईवडील असं ते दृश्य महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेलं आहे. परेडच्या आदल्या दिवशी त्याच आवारातल्या हबीबुल्ला हॉलमध्ये आणखी एक समारंभ होतो. तिथे याच मुलांच्या हाती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी पडते. कुणाला बी.ए., कुणाला बी.एस्सी., कुणाला संगणकशास्त्रातली बी.एस्सी. बी.टेक. शाखेतल्या कॅडेटना तीन वर्षं पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि पदवी पुढच्या वर्षीच्या शिक्षणानंतर. या समारंभाची बातमी आतल्या पानावर, चार ओळींत आटोपते.

पुढच्या पानांचा विषय या दुसऱ्या समारंभापाशी सुरू होतो. सैन्यातला अधिकारी घडवताना वर्गात नेमकं काय शिकवलं जातं, कॉलेजच्या अभ्यासक्रमाला त्यात एवढी जागा का आणि आपल्याकडे ही पद्धत कशी रुजली, हे समजून घ्यायचं आहे. मराठीत रणांगणावर पुष्कळ लिहिलं गेलं. बखरी आहेत, चरित्रं आहेत, आठवणी आहेत. रणांगणावर जाणाऱ्या मुलाच्या वह्या-पुस्तकांवर मात्र फार थोडं लिहिलं गेलं आहे.

“फौजेत जायचं तर बी.ए. कशाला?” हा प्रश्न गावोगावच्या पालकांकडून ऐकू येतो. तो चुकीचा नाही, अपुऱ्या माहितीतून आलेला आहे. शिपाई म्हणून भरती होणं आणि अधिकारी म्हणून कमिशन मिळणं या दोन वेगळ्या वाटा आहेत, हेच अनेक घरांत नीट ठाऊक नसतं. एनडीएत जाणारा मुलगा बारावीनंतर तीन वर्षं, सहा सत्रं, निवासी महाविद्यालयातच शिकत असतो. पहिली चार सत्रं बहुतांशी सर्वांना समान. इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संगणक, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल असे विषय त्यांत येतात. जोडीला एक परदेशी भाषा शिकावीच लागते. अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन अशांपैकी एक. शेवटच्या दोन सत्रांत भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या गरजेप्रमाणे अभ्यास वेगळा होतो. शिकवणाऱ्यांत गणवेशातले अधिकारी असतात तसे साध्या कपड्यांतले नागरी प्राध्यापकही असतात. इतर कॉलेजांत असतो तसा इथे प्राचार्यही असतो.

फरक दिवसाच्या रचनेत आहे. उजाडायच्या आत अंगावर पीटीचे कपडे चढलेले असतात. पीटी, ड्रिल, घोडेस्वारी किंवा पोहणं उरकून, सायकलींच्या ओळीत शिस्तीनं पाय मारत कॅडेट वर्गात येऊन बसतो, आणि समोर फळ्यावर कलनशास्त्र असतं. डोळे मिटायला लागतात. एनडीएतून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, वर्गातल्या त्या झोपेशी झालेली झुंज तो आधी सांगेल, मग बाकीच्या गोष्टी. पण ही झुंज हरून चालत नाही. परीक्षेत नापास झालेला कॅडेट रेलिगेट होतो, म्हणजे सहा महिने मागे टाकला जातो आणि त्याचे कोर्समेट पुढे निघून जातात. दोरीवर चपळाईनं चढणारा, धावण्यात सर्वांच्या पुढे असणारा मुलगा गणितात अडकून मागच्या कोर्समध्ये बसतो, तेव्हा त्या संस्थेनं पुस्तकाला किती वजन दिलं आहे ते लक्षात येतं.

एवढा आग्रह कशासाठी? याचं उत्तर त्या परेड मैदानाच्या नावातच आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एनडीएतून डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत गेले आणि जून १९७१ मध्ये ‘पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटमध्ये दाखल झाले. तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी ते अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, आले होते. पाकिस्तानशी युद्ध पेटलं तसं त्यांना तिथून परत बोलावण्यात आलं. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांनी शत्रूचे रणगाडे एकामागून एक टिपले. स्वतःचा रणगाडा पेटल्यावरही मागे यायला नकार दिला आणि तिथेच देह ठेवला. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. कमिशन मिळून त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. सेवेचा अनुभव म्हणावा असा गाठीशी काहीच नव्हता. जे होतं ते उपजत धैर्य आणि प्रबोधिन्यांच्या मैदानांवर आणि वर्गांत झालेली घडण. धैर्य कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवता येत नाही, हे मान्यच. पण धुरानं भरलेल्या रणगाड्यात बसून अंतर, दिशा, शत्रूची जागा आणि आपल्या माणसांची स्थिती यांचा हिशेब काही क्षणांत मांडता यावा लागतो. ती सवय वर्षानुवर्षांच्या शिक्षणानंच लागते.

ही व्यवस्था भारतात सहजासहजी आली नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ पासून, इंग्लंडच्या सँडहर्स्ट इथल्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. अख्ख्या देशाला दहा! त्याही ज्यांना बोटीचा, शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च झेपेल त्यांनाच. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झालेले, याच वाटेनं सँडहर्स्टला पोचले. देशातच असं महाविद्यालय हवं ही मागणी जोर धरत गेली. १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीत मोतीलाल नेहरू आणि जिना यांचीही नावं होती. पुढे चेटवुड समितीनंतर १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनची अकॅडमी ४० कॅडेटांनिशी सुरू झाली. त्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते. त्यांच्याबरोबर शिकणारे महंमद मुसा नंतर पाकिस्तानचे लष्करप्रमुख झाले आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे. एका बाकावरून तीन देशांचे सेनापती निघाले.

महाराष्ट्रातही याच काळात हालचाल सुरू होती. गोलमेज परिषदांत लष्कराच्या हिंदीकरणाचा प्रश्न लावून धरणारे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं केलं. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद तेव्हाही होते आणि आजही आहेत. मात्र अधिकारी व्हायचं तर तयारी शाळेपासून व्हायला हवी, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा सरसेनापती फील्ड मार्शल ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. जगभरच्या लष्करी अकॅडम्यांचा तिनं अभ्यास केला आणि डिसेंबर १९४६ मध्ये अहवाल दिला. तिच्यासमोर दोन नमुने होते. सँडहर्स्टच्या पद्धतीत मुलगा आपलं शालेय शिक्षण आटोपून येणार आणि थोड्या काळात लष्करी शिक्षण घेऊन बाहेर पडणार. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या पद्धतीत लष्करी शिक्षण आणि महाविद्यालयीन शिक्षण हातात हात घालून काही वर्षं चालणार. समितीनं दुसऱ्या नमुन्याकडे कल दाखवला आणि त्यात स्वतःची मोलाची भर घातली: भूदल, नौदल आणि वायुदल यांची मुलं सुरुवातीची वर्षं एकत्र शिकतील. तेव्हाच्या जगात ही कल्पना धाडसाची होती. तिन्ही दलांची मुलं एकाच छताखाली, एकाच वर्गात आणि एकाच मेसमध्ये वाढवणं मोठमोठ्या देशांनीही टाळलं होतं.

पैशाची गोष्ट तर हृद्य आहे. महायुद्धात १९४१ च्या पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेत सुदानच्या रक्षणासाठी हिंदी सैनिक लढले आणि पडले. त्यांच्या स्मृतीसाठी सुदान सरकारनं एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीत तिचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला ७०,००० पौंड आले. ते एकत्र शिक्षणाच्या याच कल्पनेतून उभ्या राहिलेल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या कामी लागले. तिथल्या मुख्य घुमटदार इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात ते यामुळे. दूरदेशी मेलेल्या, ज्यांची नावं आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाहीत अशा शिपायांच्या पुण्याईवर ही वास्तू उभी आहे.

जागा निवडतानाही विचार झाला. खडकवासल्याचा जलाशय नौकानयनाच्या शिक्षणाला उपयोगी, सह्याद्रीचे डोंगर पायदळाच्या सरावाला, लोहगावचा विमानतळ जवळ आणि समुद्रही फार लांब नाही. युद्धकाळात जलाशयाच्या उत्तर काठावर उभयचर मोहिमांचं सराव केंद्र होतं. सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याची सवय व्हावी म्हणून ‘अँगोस्तुरा’ नावाची नकली नौका तिथे उभारलेली होती. मुंबई राज्य सरकारनं जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. तोवर डेहराडूनला ‘जॉइंट सर्व्हिसेस विंग’ या नावानं १ जानेवारी १९४९ पासून शिक्षण सुरूही झालं होतं. डिसेंबर १९५४ मध्ये संस्था खडकवासल्याला आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचं रीतसर उद्घाटन झालं. समोर सिंहगड. तिथल्या वरच्या सत्रातल्या एका शिबिराचं नाव आहे ‘तोरणा’. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुलं मावळातल्या त्या गडाचं नाव आयुष्यभर बरोबर घेऊन जातात.

एकत्र शिकवण्याचा प्रयोग किती फळला ते पाहायला दोन वर्षं पुरेशी आहेत. १९९१ मध्ये भूदलाचे प्रमुख होते जनरल सुनीत रॉड्रिग्ज, मूळचे गोमंतकीय. नौदलाचे प्रमुख होते ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास, जे निवृत्तीनंतर अलिबागजवळ स्थायिक झाले. वायुदलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल निर्मलचंद्र सूरी. तिघेही जॉइंट सर्व्हिसेस विंगच्या पहिल्याच कोर्सचे. २०२२ मध्ये हाच योग पुन्हा आला. नागपूरचे जनरल मनोज पांडे, नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी आणि ॲडमिरल हरी कुमार हे तिन्ही दलांचे प्रमुख एनडीएच्या ६१ व्या कोर्सचे. कोर्समेटच्या नात्याला फौजेत किती अर्थ आहे ते बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. सतराव्या वर्षी ज्याच्याबरोबर एकाच शिक्षेत पुढच्या कोलांट्या मारल्या, ज्याच्या वहीतून परीक्षेच्या आदल्या रात्री अर्थशास्त्र वाचलं, त्याला चाळीस वर्षांनी दुसऱ्या दलाच्या मुख्यालयात फोन करताना मध्ये कुणी लागत नाही.

अधिकारी होण्याची वाट केवळ खडकवासल्यातून जात नाही. आपल्या गावातल्या साध्या कॉलेजातूनही ती जाते, आणि या वाटेची उपेक्षा झाली आहे. ही वाट एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेची. आज एनसीसी म्हटलं की २६ जानेवारीची परेड आणि पाहुण्यांना दिलेली सलामी डोळ्यांसमोर येते. तिचा उगम मात्र विद्यार्थ्यांतून सैन्यासाठी मनुष्यबळ उभं करण्याच्या गरजेत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, विद्यापीठांत सैनिकी तुकड्या निघाल्या. १९२० च्या कायद्यानंतर त्यांचं ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झालं आणि १९४२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’. १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४८ मध्ये कायदा होऊन राष्ट्रीय छात्र सेना अस्तित्वात आली. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती कॉलेजच्या मुलांना सक्तीची झाली. आज पंच्याहत्तरी ओलांडलेले कितीतरी प्राध्यापक, वकील आणि बँकेतले साहेब तेव्हा कॉलेजच्या मैदानावर खाकी घालून घाम गाळत होते. त्याच १९६३ मध्ये अधिकाऱ्यांची तातडीची निकड भागवायला पुण्यात आणि मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडण्यात आली. पुण्याचं लवकरच बंद झालं. मद्रासचं आज चेन्नईची अकॅडमी म्हणून प्रसिद्ध आहे. सक्ती १९६८ मध्ये उठली.

एनसीसीचा अभ्यासक्रम नीट पाहिला तर त्यात खरा ऐवज आहे. नकाशावाचनाचंच घ्या. कागदावरच्या तपकिरी समोच्च रेषा पाहून पुढची टेकडी उभ्या चढाची आहे की हलक्या उताराची, तिच्यामागे काय दडू शकेल, ओढा कुठून वाहील हे मनात उभं करावं लागतं. नकाशातली उत्तर आणि होकायंत्रातली उत्तर यांत फरक असतो, तो हिशेबात धरून दिशा काढावी लागते. सहा आकडी ग्रिड संदर्भ चुकला तर मदत भलत्याच जागी पोचते. कॉलेजात भूगोल घेतलेल्या मुलीला हे तास किती उपयोगाचे पडतील! यापुढे फील्डक्राफ्ट आहे, .२२ रायफलचं शिक्षण आहे, आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन आणि नेतृत्वाचे धडे आहेत. कॉलेजातल्याच एखाद्या प्राध्यापकाला असोसिएट एनसीसी ऑफिसर नेमून हे सांभाळायला दिलेलं असतं, आणि त्याचं प्रशिक्षण होतं नागपूरजवळच्या कामठीला. बरीच कॉलेजं या माणसावर रोजच्या तासांचा पुरा बोजा ठेवून एनसीसी वरून लादतात, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे. तीन वर्षांनंतर ‘सी’ प्रमाणपत्र पुरेशा श्रेणीत मिळालेल्या पदवीधराला चेन्नईच्या अकॅडमीसाठी एनसीसी विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षा न देता थेट मुलाखत मंडळापुढे जाता येतं. आणि आता विद्यापीठ अनुदान आयोगानं एनसीसी हा श्रेयांक असलेला ऐच्छिक विषय म्हणून मान्य केला आहे. म्हणजे मैदानावरचा घाम गुणपत्रिकेत उतरण्याची सोय झाली. किती महाविद्यालयं ही सोय मनापासून राबवतात, त्यावर पुढचं सारं ठरेल.

विद्यापीठांच्या पातळीवर पुण्यानं हा विचार लवकर केला. १९६३ मध्ये इथे सैनिकी अभ्यासाचा विभाग सुरू झाला, जो आज संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग म्हणून ओळखला जातो. देशातलं पहिलं ‘सैनिक स्कूल’ही १९६१ मध्ये साताऱ्यात निघालं. राज्य सरकारनं १९७७ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. अकरावी-बारावीच्या मुलांना एनडीएसाठी दोन वर्षं घडवणारी ही संस्था आजही उभी आहे.

तरीही हायवेच्या कडेनं परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खासगी ‘अकॅडमीं’चे फलक वाढतच आहेत. त्यांत काही चांगल्या आहेत, बऱ्याच नाहीत. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमता चाचणीला ६००, म्हणून तेवढ्याचे प्रश्नसंच घोकून घेतले जातात. खरा कस त्यानंतरच्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डच्या, म्हणजे एसएसबीच्या, पाच दिवसांत लागतो. तिथेही ९०० गुण असतात. चित्रं दाखवून गोष्ट लिहायला सांगतात. एकामागून एक ६० शब्द येतात आणि प्रत्येकाला १५ सेकंदांत मनात आलेलं वाक्य लिहायचं असतं. अर्ध्या तासात ६० प्रसंगांना प्रतिसाद द्यायचा असतो. मैदानावर दोरी, फळी आणि पिंप घेऊन गटानं अडथळा पार करायचा असतो. पाठ केलेली वाक्यं तिथे उघडी पडतात. ज्यानं कॉलेजात वाचलं, वाद घातला, नाटकाचा तंबू बांधला, गटात चूक कबूल केली, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. गावाकडच्या मराठी मुलाची अडचण बहुधा बुद्धीची नसते. इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलण्याचा सराव नसतो एवढीच असते. तो सराव शाळा-कॉलेजांनी द्यायचा आहे आणि तो देता येतो.

मुलींसाठी हे दार फार उशिरा उघडलं. चेन्नईच्या अकॅडमीत त्या १९९२ पासून जात होत्या, पण एनडीए त्यांना बंद होती. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन मुलींना परीक्षेला बसू दिलं. पहिल्या १९ मुली २०२२ मध्ये खडकवासल्याला आल्या. ३० मे २०२५ रोजी १४८ व्या कोर्सच्या तीनशेहून अधिक कॅडेटांबरोबर १७ मुलींनी खेत्रपाल मैदानावर संचलन केलं. आदल्या दिवशी हबीबुल्ला हॉलमध्ये त्यांनी ज्या अभ्यासक्रमाच्या पदव्या घेतल्या तो मुलांचाच होता. त्याच पुस्तकांचा, त्याच परीक्षांचा आणि रेलिगेशनच्या त्याच नियमाचा.

बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या वाचकानं आणि त्याच्या आईवडिलांनी पुढची पानं वाचण्यापूर्वी एवढं ध्यानात घ्यावं. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं वयाच्या अविवाहित मुला-मुलींना ती देता येते. वायुदल आणि नौदलासाठी विज्ञान आणि गणित घेऊन बारावी केलेली असावी लागते. भूदलासाठी कला आणि वाणिज्य शाखेची बारावीही चालते. मात्र गणिताचा ३०० गुणांचा पेपर त्यांनाही द्यावा लागतो.